मॅग्नेटकडचं सील

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. इकडे सगळे ठणठणीत आहेत. तुझी आई तर इतकी ठणठणीत आहे की तिच्यापुढे ब्र काढायची माझी टाप नाही. पत्र अशासाठी, की फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीतच आहे. तू विचारतेस, जेवलात का. मी म्हणतो, हो. तू विचारतेस, गोळी घेतली का. मी म्हणतो, थांब, आईला देतो. तीस वर्षं लेथच्या घरघरीत काढली, त्यामुळे मला फोनवर नीट बोलता येत नाही, असं मी लोकांना सांगत असतो. लोक ऐकून घेतात. खरं म्हणजे काही अवघड बोलायचं असलं की मी पहिल्यापासूनच आईच्या आड लपत आलोय.

बुधवारी तू आईशी बोलत होतीस ते मी ऐकलं. मी टेबलाशी रेडिओ उघडून बसलो होतो आणि फोन नेहमीसारखा मोठ्या आवाजावर होता. आईला हल्ली कमी ऐकू येतं, पण कबूल कोण करणार! तुला रक्तपेढीची प्रमुख करतायत, मंगळवारपर्यंत होय की नाही ते कळवायचंय, आणि तू नाही म्हणणार आहेस. का म्हणून आईनं विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, "मी विसरते गं. एकदा झालंय माझ्या हातून."  त्यानंतर रेडिओचा एक साधा स्क्रू मला अर्धा तास बसवता आला नाही. त्याच गोष्टीबद्दल लिहायला बसलोय. फक्त माझं इंजिन थंड आहे, एकदम ॲक्सिलरेटर पिळता येणार नाही, जरा गरम होऊ दे.

तर बातमी अशी, की तुझी शर्यतीची मोटरसायकल चालू झाली. हो, तीच. शेडच्या कोपऱ्यात जुन्या पडद्याखाली सतरा वर्षं उभी होती ती. मी निवृत्त झालो तेव्हा आईनं दोनच पर्याय दिले होते, एक तर ती वस्तू चालू करा, नाहीतर भंगारवाल्याला द्या, आणि दिवसभर माझ्या मागे मागे फिरू नका. मी पडदा काढला. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी घर केलेलं होतं. तुझ्या शर्यतीच्या नंबराचं कापड कुरतडून त्यांनी गादी घातली होती, म्हटलं चला, कुणाच्या तरी उपयोगी पडलं. टायर इतके वाळले होते की अंगठा दाबला तर भेग पडायची. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरमधून जे तेल निघालं त्याचा वास मी आईला घ्यायला लावला, आणि त्या दिवशी दुपारचा चहा मला माझा मीच करून घ्यावा लागला.

पण काय सांगू तुला, मजा आली. कार्बोरेटर सोडवला, पेट्रोल सोडणारे बारीक भोकांचे जेट एकेक काढून पेट्रोलमध्ये भिजत ठेवले, टूथब्रशनं घासले, उजेडाकडे धरून भोकातून बघितलं. तो केसाएवढा उजेड आरपार दिसला की जीव गार होतो. चाकाचे स्पोक एकेक वाजवून आवळले. सगळ्यांचा आवाज सारखा येईपर्यंत दोन दिवस गेले. शेजारचा शिंपी कुंपणावरून विचारत होता, भजनाची तयारी चाललीय का. मग तोही रोज यायला लागला. त्याला गाडीतलं ओ का ठो कळत नाही, पण सीट त्यानंच शिवली. शिवण अशी सरळ आहे की तू बघितलीस तर म्हणशील, नवीच आणली.

इंजिन उघडलं ते मागाहून सांगतो. जोडतानाचं आधी सांगतो, कारण त्यात आईचा मोठा वाटा आहे. क्रँकचे, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याचे, बेअरिंग घट्ट बसतात, म्हणून क्रँक गार करायचा आणि इंजिनाचं बाहेरचं कवच गरम करायचं, म्हणजे ठोकाठोक न करता एकमेकांत अलगद उतरतं. मी क्रँक पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला, वाटाण्यांच्या शेजारी. सकाळी कवच ओव्हनमध्ये. आई वाटाणे काढायला गेली आणि पिशवी उघडून बराच वेळ आत बघत राहिली. मला वाटलं आता संपलं. पण तिनं हातमोजे घातले, ओव्हनचं दार उघडलं आणि मला म्हणाली की पटकन करा, मला केक टाकायचाय. क्रँक टकदिशी आवाज करून आत बसला. हातोडीला हातसुद्धा लावला नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून असे हसलो की लग्नाला सहाच महिने झालेत असं कुणालाही वाटावं. केकला मात्र तेलाचा वास आला. मी दोन तुकडे खाल्ले.

मागच्या रविवारी किक मारली. तेविसाव्या किकेला लागली. निळा धूर, तो वास, त्या कानठळ्या! शिंपी पळत आला, आई दारात नाकाला रुमाल लावून उभी राहिली आणि रुमालाआडून हसत होती. नवीन पिस्टन असल्यानं एकदम ताणायची नाही. पाच मिनिटं चालवायची, पूर्ण गार होऊ द्यायची, पुन्हा चालवायची. दर वेळी प्लग काढून रंग बघतो. विटकरी आहे, म्हणजे मिश्रण बरोबर आहे. फिल्टर धुतो, तेलात भिजवून पिळतो, चेन पुसतो. आईचं म्हणणं, तिच्या गुडघ्यांची एवढी काळजी मी कधी घेतली नाही. तेही खरंच आहे.

आता इंजिन उघडलं त्याबद्दल.

तो दिवस तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. निवडीची शर्यत, चौथी फेरी, तू दुसऱ्या नंबरावर होतीस. एकोणीस वर्षांची तू, पायांवर उभी, कोपरं बाहेर, आणि हेल्मेटच्या आत जीभ बाहेर काढलेली असणार, ती तुझी सवय. लांब सरळ पट्ट्यावर इंजिनाचा आवाज एकदम टिपेला गेला. मी शेजारच्या माणसाला म्हणालो, बघा, याला म्हणतात इंजिन. जन्मभर यंत्रांचे आवाज ऐकलेला मी, मला तेवढ्यातच कळायला हवं होतं की हा आवाज बरा नाही, ते कोरडं पडतंय. पण मी छाती फुगवत होतो. दुसऱ्या क्षणी मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि तू हँडलवरून पुढे फेकली गेलीस.

मी पोचलो तेव्हा तू खांदा धरून बसली होतीस. लागलं का, असं मी विचारलं नाही. मी विचारलं, "पेट्रोलमध्ये तेल घातलं होतंस का?" सगळे ऐकत होते. तू म्हणालीस, घातलं होतं. मी म्हणालो, नीट आठव, तेल असल्यावर इंजिन असं आवळून बंद पडत नाही. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "मग विसरले असेन, बाबा." झालं, निकाल लागला. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमधूनच जातं आणि त्याचा रंग पेट्रोलला येतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. टाकीत नुसतं डोकावलं असतं तरी हिरवं दिसलं असतं. मी मात्र रागारागानं टाकी उपडी करून सगळं मातीत ओतून टाकलं. डोकावलं नाही.

तुझं खांद्याचं हाड सहा आठवड्यांत जुळलं. तू पुन्हा गाडीवर बसली नाहीस. मी सगळ्यांना सांगत सुटलो, आमच्या भिंगरीला तेलाची आठवण राहत नाही. दर लग्नाकार्यात सांगितलं. तुझ्या लग्नात जावयाला बाजूला घेऊन सांगितलं, की पेट्रोल तूच भरत जा रे बाबा. सगळे हसले, तूही हसलीस. तू कुलूप तीनदा ओढून बघतेस, गॅसच्या बटणाला पुन्हा पुन्हा हात लावतेस, हातावर पेनानं यादी लिहून कामावर जातेस. मी त्याचीही चेष्टा केली. कुठून आलं हे, असं मला एकदाही वाटलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी इंजिन उघडलं. पिस्टनवर ओरखडे होते, पण फक्त सायलेन्सरच्या बाजूला, तेल नसतं तर चहूबाजूंनी आले असते, आणि पिस्टनचं डोकं तापून पांढरंफटक. मला जरा खटकलं. मग खालचं कवच उघडलं. क्रँकच्या तळाशी हिरवं चिकट तेल, बोट बुडेल एवढं. बेअरिंग तेलानं माखलेलं, चकचकीत, एक डाग नाही. तेलाशिवाय चाललं असतं तर तेच बेअरिंग सगळ्यात आधी जळून निळं पडलं असतं. मग ठिणगीची वीज करणाऱ्या मॅग्नेटच्या बाजूचं, क्रँकभोवतीचं रबरी सील काढलं. त्याची आतली कड एका जागी दुमडलेली होती. तिथून हवा आत जात होती, मिश्रण पातळ पडत होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल-तेल कमी, इंजिन तापत होतं. ते सील शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी बसवलं होतं. कडेला ग्रीस न लावता, घाईत, हातोडीनं ठोकून. तू म्हणत होतीस, बाबा, चालतंय ते, उद्या राहू दे ना. मी म्हटलं होतं, मला शिकवू नकोस.

मी सील कागदात गुंडाळून कपाटात टाकलं आणि नवीन सामान मागवलं. मनाशी म्हटलं, जुनी गोष्ट, उकरून काय करायचंय, ती कधीच विसरली असेल. गाडी जोडताना मी आनंदात होतो, हेही खोटं नाही, पण ते सगळं चाललं होतं त्या कपाटाकडे न बघता. बुधवारी तुझा फोन झाला. रात्री जेवताना मी आईला सगळं सांगून टाकलं. तिनं ताट सरकवलं, उठली, भांडी विसळली, हात पुसले आणि म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? तिला सांगा." तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतेय. बरोबरच आहे तिचं.

भिंगरी, तू तेल घातलं होतंस. बरोबर मापानं घातलं होतंस. चूक माझी होती, आणि ती मी तुझ्या गळ्यात घातली, आणि तू माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास सोडलास. मला माफी मागता येत नाही, आजवर कुणाची मागितलेली नाही, म्हणून ही कशी वाटेल कोण जाणे, पण मला माफ कर. पाकिटात ते सील ठेवलंय, दुमडलेल्या जागी नख लावून बघ, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. पत्र कुरियरनं पाठवतोय, शनिवारी मिळेल, म्हणजे तुझ्या हाती दोन-तीन दिवस आहेत. ती जागा घे किंवा घेऊ नकोस. काम जास्त आहे म्हण, पोरांना वेळ हवा म्हण, तुझी मर्जी, मी हूं की चूं करणार नाही. पण मी विसरते, असं मात्र त्यांना सांगू नकोस. ते कधीच खरं नव्हतं.

तुझाच,
बाबा