किडा कुठं सोडला

१२ एप्रिल

आली बाई एकदाची वाशिमले! हीरा गृहउद्योगाच्या माडीवर माझं स्वतःचं टेबल, फिरती खुर्ची, डोक्यावर पंखा. शेठजी कैलासचंद पापड, मुगवड्या आणि हातशेवया विकतात. आता ते ऑनलाइन दुकान टाकून राह्यले, अक्षय तृतीयेले उघडायचं. दुकान बनवणारा विकास पुण्यात बसते. माझं काम तपासायचं. तेच दुकान दोन कॉम्प्युटरवर, एका टॅबवर, चार फोनांवर, वेगवेगळ्या ब्राउझरात उघडायचं आणि कुठं काय बिघडलं ते शीटमध्ये मांडायचं. एका पडद्यावर ‘खरेदी करा’चं बटण ठसठशीत दिसते, दुसऱ्यावर पार गायब. मजा आहे राव!

सगळ्यात लहान पडदा मायच्या जुन्या फोनचा. आमच्या गावी, रिठदले ती एकटीच राह्यते, तिले माझ्याशिवाय कोणी नाही. रोज एक वाजता तिले व्हिडिओ कॉल करून दुकान उघडायले लावते. तुळसाबाई टेस्टर म्हणून चिडवली, तर लाजली.

१४ एप्रिल

आज गंमत झाली. बिघाडाले आमच्यात बग म्हणतात, म्हणून मी शीटमध्ये सरळ मराठीत लिहिलं, “किडा मारला.” शेठजींच्या घरच्या हीराकाकूंनी ते वाचलं आणि त्यांचा चेहराच उतरला. जैनाचं घर. त्या मुंगीलेही कागदावर अलगद घेऊन अंगणातल्या निंबाखाली ठेवतात. त्यांनी हात जोडून सांगितलं, की पोरी, आपल्या दुकानाच्या कागदात मारला लिहू नको. मग शब्द ठरला ‘सोडला’. शेठजी काकूंच्याही वरचढ. त्यांनी विकासले सांगून आणखी एक रकाना काढला, “कुठे सोडला?” रकाना भरल्याशिवाय पान पुढं सरकत नाही.

आता मी काय लिहू, कपाळ? लिहिलं “रिठद”. आमच्या गावात किड्यांची काय कमी! एकटीच हसत बसली.

१७ एप्रिल

शी! ऑफिसातल्या लहान फोनवर शेवयांचा फोटो हलला. विकास म्हणे नेट हळू असेल, पान पुन्हा उघड. उघडलं. ताटातली एक शेवई हळूच वळली आणि तिले डोकं होतं. तपकिरी, मोहरीएवढं. आणि ते उघडमीट करून राह्यलं होतं. फोन मी टेबलावर आपटलाच. मले नुसती भाजीतली अळी दिसली तरी दोन दिवस जेवण जात नाही.

विकासनं फोटो बदलला. सगळ्या पडद्यांवर बघितलं, साफ. लिहिलं: सोडला, रिठद.

१९ एप्रिल

माय म्हणे ज्वारीच्या पिठात अळ्या झाल्या. कालच दळून आणलेलं पीठ. पांढऱ्या, लांब, शेवयांसारख्या आहेत म्हणे. मी म्हटलं, चाळून घे. म्हणे तीनदा चाळलं.

मी आज शेवया खाल्ल्या नाहीत. काकूंनी दुधातल्या वाढल्या होत्या. वाटी तशीच बाजूले सरकवली.

२१ एप्रिल

तेवीस किडे झाले. कुठं किंमत कापली जाते, कुठं पत्ता अर्धाच दिसते, सगळे साधे बिघाड. पण दुरुस्तीच्या आधी प्रत्येकात ती पांढरी बारीक शेपटी दिसतेच. अक्षरांच्या मागून निघते, पडद्याच्या कडेले जाते.

मायच्या घरी दुधात अळ्या निघाल्या. गादीत निघाल्या. मिठात! मिठाले कधी अळी लागते का?

२३ एप्रिल

माय बोलताना पदर तोंडाशी धरून राह्यली. काहून म्हणून विचारलं तर म्हणे हिरडीत काही तरी मऊ मऊ लागते. मग बोट घालून तिनं ओढली. ओढतच राह्यली. इतकी लांब. फोनसमोर धरून विचारते, काय आहे वं हे?

तपकिरी डोकं. मोहरीएवढं. तीच ती.

कचऱ्याच्या डब्यात ओकली मी. अजून तोंडाची चव जात नाही.

२५ एप्रिल

सकाळी रिठदले जाऊन आली. डॉक्टरनं तोंडात, कानात बॅटरी मारून पाहिलं. काही नाही म्हणे. माय अर्धी झाली. फणी फिरवली तर केसातून टपटप पडल्या. मी त्या चपलेनं चेचल्या, पांढरा चिकट पू, आणि वास आंबलेल्या दुधाचा. हात तीनदा साबणानं धुतले.

किती निघाल्या असतील आतापर्यंत, विचारलं. मायनं मोजल्या होत्या. सदतीस.

शीटमध्ये सदतीस ओळी आहेत. सदतीसही ‘रिठद’. मीच लिहिलंय. हसत हसत.

२६ एप्रिल

मायले फोनवर धरून पहिल्या ओळीत ‘सोडला’ खोडून ‘मारला’ केलं. तिकडून असा हंबरडा आला! पोटात काही तरी फुटलं म्हणे, सडलं म्हणे, रक्त थुंकली. ते तिच्या आत आहेत, आतच मरतात. परत ‘सोडला’ केलं. थांबलं.

रकाना रिकामा ठेवून पाहिला. पान सरकत नाही. ‘कुठंच नाही’ लिहिलं. पान पुन्हा उघडलं तर ‘रिठद’.

निंबाखाली सोडू? तिथं शेवया वळणाऱ्या बाया बसतात. त्यांची लेकरं तिथंच झोपतात. नाही.

कुठं तरी सोडावंच लागते.

सदतीस वेळा माझंच नाव लिहिलं. ज्योत्स्ना. ज्योत्स्ना. ज्योत्स्ना.

पान सरकलं.

२७ एप्रिल

मायनं भाकर खाल्ली! दीड! लोणचं मागून खाल्लं. पीठ साफ, मीठ साफ. देव पावला म्हणे. मी खूप रडली.

डाव्या दाढेखाली मऊ लागते.

२८ एप्रिल

काही खात नाही. खाल्लं की ते जागे होतात – गिळताना वर येतात, घासाले भेटायले –

शी. शी. माझंच अंग मले नको झालं.

२९ एप्रिल

उद्या दुकान उघडते. सगळ्या पडद्यांवर साफ. शेठजी खूश. विकास म्हणे शाब्बास.

नखाखालून एक डोकं. काकूंनी पाहिलं. ओरडल्या नाहीत. कागद आणला, हात पुढं कर म्हणे, निंबाखाली ठेवून येते. मी हात मागं घेतला. तिथं लेकरं –

एक वाजला. मायचा फोन. व्हिडिओ. आज तिनंच लावला, पहिल्यांदा. बरी झाली म्हणून दाखवायचं असेल. वाजून राह्यला. उचलावं वाटते. पण तोंड उघडलं तर तिले दिसतील, आणि ती माय आहे, ती म्हणेल परत माझ्याकडं सोड, ती नक्की म्हणेल, म्हणून मी ओठ घट्ट –