म्यूट

मंगळवार, ९ जून २०२०, करंजाडे

आज मी तोंड उघडलं नाही, तेवढंच लिहायला बसलोय.

दुपारी मोबाईलवर सोसायटीची मीटिंग झाली. घरकामाच्या बायकांना आत घ्यायचं का, एवढाच विषय. सुनंदा सहा वर्षं माझा स्वयंपाक करते, नावड्याहून येते. बायको गेल्यापासून घरात बोलायला तीच होती, मार्चपासून तीही नाही. सकाळी तिने फोनवर विचारलं, "काका, तुमी बोलाल ना माझ्यासाठी? बाकीची घरं सुटली." म्हणालो, "बोलेन."

सेक्रेटरी म्हणाले, "त्या एकेका खोलीत सहा-सहा जण राहतात. आजार इथे आणतील." आपल्या बिल्डिंगमधला पहिला पेशंट तर विमानाने आला होता, चौथ्या मजल्यावरचा! हे अगदी ओठांवर आलं. म्यूट काढायला बोटही गेलं. मग वाटलं, उद्या मलाच ताप आला तर ह्याच लोकांना हाक मारायचीय. बोट मागे घेतलं. घाबरलो, दुसरं काय? ठरलं, बायका नकोत. एसी दुरुस्तीवाला मात्र चालेल म्हणे.

मघाशी तिचा फोन आला. म्हणालो, "नेटवर्क गेलं गं, बोलताच आलं नाही." कळलं असणार तिला. तरी म्हणाली, "असू दे काका. जेवलात का? डाळ आधी भिजवत जा, लवकर शिजते."

तू जेवलीस का, हे विचारायचं मला फोन ठेवल्यावर सुचलं.