दोन बोटं, एक बोट

३ जून, सोमवार
पहिली नोकरी! जबड्याच्या वॉर्डात व्यायाम करून घ्यायचा. कोट खांद्यात ढगळ आहे, पण फोटो बघून आई म्हणाली, थेट डॉक्टरीणच दिसतेस. माझी पहिली पेशंट गाण्याच्या बाई. दाढेच्या इंजेक्शननंतर गालाच्या स्नायूत रक्त साकळलं आणि त्याचं चक्क हाड झालं. मांसात हाड! आमच्या सर्जन सरांनी ते कापून काढलंय. पुन्हा धरू नये म्हणून गोळ्या आणि रोज व्यायाम: दातांमध्ये लाकडी पट्ट्या सरकवायच्या, एकेक वाढवत. आज तोंडात दोन बोटं मावली. सरांनी बजावलंय, दुखलं की थांबायचं. जोर केला तर स्नायू फाटतो, पुन्हा रक्त, पुन्हा हाड.

६ जून
अजून दोनच बोटं. बाई म्हणतात, पोरी, पहिला सूर तुलाच ऐकवीन. उद्या सर तपासायला येणार. तीन बोटं दिसली असती तर...

७ जून
दोन पट्ट्या जास्त घातल्या. बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. मी म्हटलं, जरा कळ काढा. आत काहीतरी टचकन फाटलं. बोटांना जाणवलं मला. तासाभरानं सर आले, तीन बोटं बघून सगळ्यांदेखत शाबासकी दिली. मी वॉर्डाच्या वहीत लिहिलं: व्यायाम सुरळीत.

१९ जून
दीड बोट. गाल दगडासारखा. सर म्हणाले, काहींना उलटतं पुन्हा. मी मान डोलावली. नुसती मान डोलावली.

४ जुलै
एक बोट, तेही करंगळी. एक्स-रेत गालात पांढरा ढग. पट्टी हातात घेते, पुन्हा ठेवून देते. बाई स्वतःच तोंड पुढे करतात—

१६ जुलै
दात मिटले. बोलणं दातांतूनच. बाई म्हणाल्या, “माझंच नशीब फुटकं. तू कशाला रडतेस?”
मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगायला हवं होतं. तिथेच, तेव्हाच—

१८ जुलै
दुपारी बाईंना उलटी. दात उघडेनात. आतल्या आत— ओठ निळे. कुशीवर वळवलं, ओरडले. सरांनी गळ्याला छेद देऊन नळी घातली. वाचल्या.
हात धुताना सरांनी माझ्याकडे न बघता विचारलं, पहिल्या आठवड्यात कधी जोर लावला होतास का.
बाईंचे डोळे उघडे होते. माझ्यावर.
मी म्हटलं, हो. सात जूनला, तुम्ही यायच्या आधी, दोन पट्ट्या जास्त.