कात्रीची धार

सूनबाई,

डॉक्टर म्हणाले, वयाबरोबर मेंदूत लोह साठलंय, म्हणून विसरायला होतं. मला हसूच आलं. जन्मभर लेथवर लोखंड कापलं, ते असं डोक्यात जाऊन बसलं म्हणायचं!

तू रोज शिलाई मशीनवरून हाक मारतेस, "बाबा, कात्रीला धार कशी लावायची हो? परत विसरले बघा." मी दाखवतो. हात चालले की डोकंही जरा चालतं. कात्री रोज बोथट कशी होते, हे मात्र कोडंच होतं.

काल दारातून पाहिलं. शेजारणीशी गप्पा मारत तू तिच्या कात्रीला झकास धार लावत होतीस, हाताकडे न बघता.

पोटच्या पोरीनं केलं नसतं, ते तू करतेस. पण हे पत्र तुला देणार नाही. मला कळलंय म्हटल्यावर विचारायची थांबशील.

उद्याही विसर, पोरी.

तुझा सासरा