चिलापीचं खाद्य

१८ मार्च
यांची सेकंड शिफ्ट. कंपनीत जाण्याआधी शेततळ्यावर नव्या खाद्याच्या गोणी उतरवून गेले. भोसरीत कोणी स्वतःच मिसळून विकतो म्हणे. गोणीवर नाव नाही, गाव नाही. तळ्यातली चिलापी मासळी त्याच्यावर नुसती तुटून पडली. हाताला राखाडी पूड चिकटली, साबणानेही लवकर निघेना.

३ मे
मासे चांगले भरलेत. धाकट्या जावेला, रेखाला, पाचवा लागला. सासूबाई रोज तिला तळ्यातली चिलापी करून घालतात. "खा गं, लेकरू हुशार निघंल." कापून मीच देते. दोन-तीन माशांची काळजं काळपट निघाली. सासूबाईंना दाखवली. "व्हय, उन्हाळा हाय न्हवं," एवढंच म्हणाल्या.

२० जून
चाकणच्या एका कँटीनचे ठेकेदार आले. मासा पसंत. दर आठवड्याला नेणार, फक्त आधी लॅबमध्ये तपासून हवा. सगळे खूश. मासे आणि तळ्याचं पाणी दिलं. खाद्य कोणी मागितलं नव्हतं, तरी पिशवीभर दिलं. का, कुणास ठाऊक.

४ जुलै
लॅबच्या मॅडमचा फोन. मासे खाऊ नका. शिसं आणि कॅडमियम, दोन्ही मर्यादेच्या बरंच वर.
मी म्हटलं, "ओढ्यावर धातूला मुलामा देणारा तो प्लेटिंगवाला आहे, त्याच्या कारखान्याचं पाणी असणार."
"पाणी ठीक आहे. खाद्यात आहे ते."
"शिजवल्यावर जात असेल ना?"
"नाही हो. उकळा, तळा, तसंच राहतं."
आत आले तर रेखा जेवत होती. ताट ओढून घेतलं. सासूबाई कडाडल्या, "पोटुशीच्या तोंडचा घास काढतीस?" मग सांगावंच लागलं. रेखा हात धुवायला उठली ती बराच वेळ मोरीतच.

५ जुलै
खाद्यवाल्याला फोन केला. "ताई, बाकी कुनाचीच तक्रार न्हाई," म्हणाला आणि ठेवला.
यांच्याशी भांडण.
"एक तरी मासा मेला का? सांग ना!"
नाही मेला. तेच तर.
"खड्डा काढून पुरू सगळे."
"गटारी तोंडावर आलीय, अन् तू पुरायला निघालीस?"
मग बांधावर बसले, डोकं धरून. "मी काय मुद्दाम आणलं का गं..." शेवटी हो म्हणाले, पुरू.
खाद्य बंद केलंय. मी काठावर गेले की मासे तोंडं उघडून वर येतात.

२२ जुलै
खड्डा अजून काढलेला नाही, हे रोज उद्या म्हणतात. रेखाला घेऊन पिंपरीला, हॉस्पिटलात. गावातल्या डॉक्टरांना आधी दाखवलं तर त्यांनी नुसती वाट बघू म्हटलं होतं, इथल्यांनी लगेच रक्त घेतलं. रिपोर्ट सोमवारी. डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस खात होता?" रेखाने माझ्याकडे पाहिलं. मीच उत्तर दिलं.
बाहेर आलो तोवर सासूबाईंचा फोन. "टेम्पो आलाय, व्यापारी जाळं वढतोय. तुला ठावं हाय का?"
यांचा फोन बंद.
पोचले तेव्हा तळ्यात फक्त पाणी. हे पाठ करून बसलेले. "त्याने तपासणी नाही मागितली," म्हणाले. मासे पिंपरीला गेले, एवढं काढून घेतलं.

२३ जुलै
सकाळीच पिंपरीचा बाजार. मासे विकणाऱ्या एका मावशींनी त्याच व्यापाऱ्याची चिलापी घेतली होती. टोपली रिकामी.
"संपली कालच. गटारी आहे बाई."
"कोणी नेली?"
"कोणाकोणाची नावं सांगू आता?"
शिशाचं सांगितलं. हात पुसत ऐकत राहिल्या. रात्री त्यांच्या घरीही तीच शिजली होती. नातवंडांनीही खाल्ली. मग म्हणाल्या, "उद्या परत यायचाय त्याचा टेम्पो."
"आमचं तळं तर रिकामं झालं."
"मग? तुमचं एकट्याचंच आहे का तळं?"
खाद्यवाल्याचं ते "बाकी कुनाचीच" आठवलं. टेम्पो कुठे लागतो ते विचारून घेतलं. उद्या तिथे जाऊन उभी राहणार. पुढे काय, ठरलेलं नाही. मावशी म्हणाल्या, मीपण येते.
यांना अजून सांगितलेलं नाही.