राक्षस वर कसा आला

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझ्या गुडघ्याची विचारपूस आधी करतो, कारण ती न करता मी कामाचं बोलू लागलो की तू पत्र तिथंच मिटून ठेवतेस. जिना चढता येतो का आता? लिफ्टवाल्याच्याच इमारतीतली लिफ्ट बंद, म्हणून तू आमच्याकडे येत नाहीस, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे (दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच). भाऊजी अजूनही आपण घोरत नाही असंच सांगतात का? इकडे तुझी भावजय ठीक, माझी कंबर बरी आणि तुझी भाची वयाच्या मानाने जरा जास्तच ठीक आहे.

पत्रास कारण असं की, विहिरीखालच्या राज्याची ती सात पुस्तकं मी पुन्हा वाचली. तीच, जी तू मला वाचून दाखवायचीस, कारण जोडाक्षर आलं की मला धाप लागायची. हल्ली मी ती भाचीला वाचून दाखवतो, तेव्हा पुढचे भाग आपण आधी डोळ्याखालून घालावेत म्हणून बसलो. ताई, पहिल्याच प्रकरणात माझा जीव टांगणीला लागला. चार पोरं टोपलीत बसून विहिरीत उतरतात, आणि टोपलीला दोर एकच. ब्रेक नाही, कठडा नाही. आमच्या धंद्यात एका दोरावर कोणी मांजरसुद्धा सोडणार नाही. लहानपणी मला फक्त खाली राजवाडा दिसतो की नाही याची घाई असायची. शिवाय त्या पोरांची आई पहिल्या पानावर एक हाक मारते, ती पुढे सातव्या भागापर्यंत बेपत्ता. तुझ्या भावजयीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, मिळाला असेल बिचारीला जरा निवांतपणा, तुम्हाला का बघवत नाही.

खरा जीव गुंतला तो तळाशी बसून चाक फिरवणाऱ्या म्हाताऱ्या राक्षसात. टोपली खाली घेणारा तो, वर धाडणारा तो. सातही भाग त्याला रजा नाही, बदली नाही, कोणी पाणी विचारत नाही. राजा पोरांना मुकुट देतो आणि याला काय, तर टाळ्या. आपला मुलगा लिफ्टच्या धंद्यात का पडला असं कोणी विचारलं की आई कपाळाला हात लावायची. तिला कधी बोललो नाही, पण कारण हा राक्षस होता.

सातवा भाग घरी वाचणं जमेना (भाची खांद्यावरून डोकावते), म्हणून कामावर नेला. एका कचेरीतली लिफ्ट तपासून झाल्यावर ती दोन मजल्यांच्या मधे थांबवली, बाहेर 'काम चालू आहे' ही पाटी होतीच, आणि आत मांडी घालून बसलो. इतकी शांत खोली मला उभ्या जन्मात मिळाली नव्हती. पण रखवालदाराला वाटलं, मी अडकलो. त्याने आमच्याच कंपनीला फोन केला आणि माझी सुटका करायला खुद्द साहेब आले. दार उघडलं तेव्हा मी कोपऱ्यात बसून रडत होतो. लिफ्टवाला लिफ्टमधे घाबरला, ही बातमी आता सगळ्या शाखांत पोचली आहे. मीही ती खोडून काढली नाही. राक्षसापायी रडत होतो हे सांगण्यापेक्षा भित्रा ठरलेलं परवडतं.

रडलो, कारण पोरं वर जातात, विहीर बुजवतात आणि राक्षस खालीच राहतो. चाकावर हात ठेवून बसतो, की समाप्त. पुढचं पान फाटलंय का तेही पाहिलं, नाही फाटलेलं. पण तू वाचलंस तेव्हा तो वर आला होता. त्याची पथारी मागच्या खोलीत घालायची की ओट्यावर, यावरून आपण भांडलोसुद्धा होतो. म्हणजे ते सगळं तू पदरचं घातलंस. रागावलो नाही. त्या थापेवर मी इतकी वर्षं सुखात काढली.

पंचाईत पुढेच आहे. राक्षस वर येतो असा भाचीला मी छातीठोक शब्द देऊन बसलोय. तिने त्याच्यासाठी खाटेखालची जागा झाडून ठेवली आहे. सहावा भाग संपत आला, आणि नेमका सातवा घरातून गायब झालाय. कपाटात मीच ठेवला होता. भावजय म्हणते, वेंधळेपणा. मला मात्र मनातून सुटल्यासारखं वाटलं.

बाकी क्षेम. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. राक्षस वर आला कसा? आला हे आठवतं, कसा ते नाही. तेवढ्यात मला झोप लागली असणार. चाक फिरवणाराच टोपलीत बसला तर चाक फिरवणार कोण? आणि चार पोरांच्या जोराने राक्षस हलत नाही, हे मी धंद्याच्या अनुभवावरून सांगतो. भाची हे विचारणारच, लिफ्टवाल्याची पोर आहे. तेवढं फोन करून सांग.

ता. क. दुसरा. फोन नको. पुस्तक सापडलं, भाचीच्या गादीखाली. शेवटची पानं डिंकाने चिकटवलेली. तिने ते केव्हाच वाचलंय (जोडाक्षरांसकट) आणि आईला बजावून ठेवलंय, "बाबांना दाखवू नकोस. त्यांना वाटतंय तो वर येतो." तेव्हा तूच ये. आमची लिफ्ट आज मी दुरुस्त केली. चांगले सहा दोर आहेत तिला. तू सांगशील तेव्हा आम्ही दोघंही शेवट ठाऊक नसल्यासारखे बसू.