लाल खूण नसलेले फोटो

प्रिय दादा,

बाबांच्या ऑपरेशनला येणार नाही असं सांगून तू फोन आपटलास, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. चहा गॅसवर ठेवते नि विसरते. तुझं पालुपद तेच: त्यांनी जन्मभर रस्त्यावरच्या परक्यांचे फोटो काढले, तुझा एकही नाही, मग तू कशाला धावत यायचं? मीही आजवर तुझीच री ओढत आले.

काल चिडूनच त्यांचं कपाट उपसलं. आत कॉन्टॅक्ट शीटचे गठ्ठे, एकेका कागदावर अख्खा रोल, नखाएवढे फोटो. भिंग लावून बसले ती उठलेच नाही. त्यांचा तो गाजलेला फोटो आठवतो ना, दोन हमाल आरसा नेताहेत आणि आरशात आभाळ? आपण म्हणायचो, नशीब! कसलं नशीब रे! आधीचे सगळे फोटो त्याच कोपऱ्याचे: रिकामी भिंत, कुणाची तरी पाठ, अर्धंच कुत्रं, पुन्हा भिंत. ऊन सरकतंय, बाबा हलत नाहीत. आरसा आल्यावर आधी लांबून, मग जवळून, मग चक्क रस्त्यात गुडघे टेकून. तिथे लाल पेन्सिलीची खूण, म्हणजे छापायला निवडलेला तोच. पुढच्या फोटोत हमाल त्यांच्यावर खेकसतोय. इतका हट्टी माणूस! तू अगदी त्यांच्यावर गेलायस.

पण चैन पडेना ती दुसऱ्याच गोष्टीनं. नवा रोल घातला की शटर चालतंय ना बघायला ते घरातून निघतानाच एक फोटो उडवायचे. वाया गेला म्हणून आपण हसायचो. शीटमागून शीट पाहिली. तो पहिला फोटो तुझा आहे, दादा. पायरीवर नाडी बांधणारा, दात पडलेला, मिसरूड फुटलेला, रुसलेला तू. मला हेवा वाटला, खरं सांगते. तू घर सोडल्यानंतरच्या शीटवर पहिला फोटो नुसत्या पायरीचा. दर वेळी तीच पायरी. मी ढसाढसा रडले.

फोनवर तू ऐकून घेणार नाहीस, म्हणून लिहितेय. ऑपरेशन किरकोळ नाही. हे तुला सांगायचं नाही अशी बाबांनी शपथ घातली होती, ती गेली खड्ड्यात. उजवा डोळा गेलाय, पुढच्या सोमवारी डाव्याचं ऑपरेशन आहे, आणि डॉक्टर हमी देत नाहीत. भांडायला ये हवं तर, पण त्याआधी ये. अजून त्यांना तुझा चेहरा दिसेल.

तुझीच, वाटेकडे डोळे लावून बसलेली,
छोटी